सबवूफर ‘ठेवू’ नका, ‘बसवा’!

कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणारी पोरं मला पहिला प्रश्न विचारतात, “सर, कोणत्या ब्रँडमध्ये मार्जिन जास्त?” माझं मत स्पष्ट आहे. मार्जिन नंतर. आधी सबवूफर कुठं आणि कसा बसवायचा, हे गिऱ्हाइकासोबत ठरवायला शिका.

माझा किस्सा सांगतो. दुकान नवं होतं. एका दादांच्या हॅचबॅकच्या डिकीत 12 इंची सबवूफरचा बॉक्स नुसता ठेवून दिला. एवढा जड, कुठं हलते! अकोल्याहून येताना मूर्तिजापूरजवळ जनावर आडवं आलं, दादांनी कचकन ब्रेक मारला. बॉक्स मागच्या सीटच्या पाठीवर आदळला. सीटवर त्यांची पोरगी होती. नशीब, लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “भाऊ, तुम्ही बसवला नाही, ठेवला.”

तेव्हापासून बिल फाडण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो.

एक, डिकीत काय असते? सीएनजीची टाकी असेल, किंवा दर आठवड्याला सामान भरून गावी जाणं असेल, तर सीटखालचा ॲक्टिव्ह सबवूफर द्या. ॲम्प्लिफायर त्यातच असतो, जागा वाचते. मोठ्या बॉक्सचा दणका मात्र मिळणार नाही, हे आधीच सांगा.

दोन, ऐकता काय? भजन, गझल, जुनी गाणी असतील तर बंद बॉक्स बरा, बास नेमका येतो. दणकाच पाहिजे तर पोर्टवाला बॉक्स. त्याला जागा जास्त लागते, आणि माप कंपनीच्या आकड्यांप्रमाणेच काढावं लागते.

तीन, गाडी विकणार कधी? लवकर बदलायची असेल तर भोकं पाडू नका, डिकीतल्या हुकांना पट्ट्यानं घट्ट आवळा. नाहीतर सरळ बोल्ट मारा. पण ड्रिल लावण्याआधी गाडीखाली वाकून पाहा, तिथं पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी असू शकते. चिकटपट्टीवर तर अजिबात भरोसा नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो, उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून जास्त. गोंद सुटतो. आणि पॉवर वायरचा फ्यूज बॅटरीजवळच टाका, नाहीतर वायर घासली की आगीला आमंत्रण.

जून 2022 मध्ये आपल्या अमरावती-अकोला हायवेवर एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनीजमध्ये नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या पळतात. गाडी पळते तेव्हा सुटा बॉक्स जास्त घातक.

म्हणून फिटिंगचे पैसे वेगळे लावा, लाजू नका. बॉक्स ऑनलाइन तुमच्यापेक्षा स्वस्त मिळेल. पण ड्रिल लावण्याआधी वाकून पाहणारा माणूस कुरिअरनं येत नाही. तो माणूस तुम्ही व्हा, धंदा तिथंच आहे.