नवा संगणक आणि जुन्या तबकड्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबवली आणि कॅनडातील अनेक मराठी घरांत एक लांबणीवर पडलेली खरेदी पुन्हा चर्चेत आली. बेसमेंटच्या कोपऱ्यात दहा-बारा वर्षे निमूटपणे काम करणारा डेस्कटॉप ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाही. त्यासाठी तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आवश्यक आहे. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, साठवण किती, यांवर घरात लवकर एकमत होते. गाडी अडते ती एका लहानशा भागापाशी. नव्या संगणकात ब्लू-रे, म्हणजे उच्च दर्जाचे चित्रपट वाचणारा डिस्क ड्राइव्ह घ्यायचा की नाही?

मुले हसतात, कारण त्यांच्या पिढीने डिस्क क्वचितच हाताळली आहे. दुकानातला विक्रेताही खांदे उडवतो. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये असा ड्राइव्ह बसवायला जागाच ठेवलेली नसते. तरीही हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचे उत्तर देताना चित्राच्या स्पष्टतेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मालकीचा विचार करावा लागतो.

संगणकाने पाठ का फिरवली?

फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली आणि ब्लू-रेचा मार्ग मोकळा झाला. आता प्रत्येक संगणकात हा ड्राइव्ह येणार, अशी तेव्हा सर्वांचीच अटकळ होती. तसे घडले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी ब्लू-रेचे परवाने म्हणजे डोकेदुखीचे गाठोडे आहे, अशा आशयाची टिप्पणी केली, आणि ॲपलने आपल्या कोणत्याही संगणकात तो ड्राइव्ह कधीच दिला नाही. मायक्रोसॉफ्टनेही विंडोजमध्ये ब्लू-रे चित्रपट दाखवण्याची सोय अंगभूत केली नाही. २०१२ च्या ‘विंडोज ८’पासून तर साधी डीव्हीडी दाखवण्याची सोयही मूळ प्रणालीतून वगळण्यात आली.

या अनास्थेचे कारण तांत्रिक असण्यापेक्षा कायदेशीर आणि आर्थिक अधिक होते. ब्लू-रेवरील चित्रपट कूटबद्ध असतो. तो उलगडण्यासाठी ड्राइव्ह, प्रोग्राम, ग्राफिक्स कार्ड आणि पडदा या साखळीतील प्रत्येक कडीला परवानाधारक असावे लागते. जुन्या किल्ल्या रद्द होतात, म्हणून प्रोग्राम वेळोवेळी अद्ययावत करावा लागतो. नुसता ड्राइव्ह विकत घेऊन चित्रपट दिसत नाही. तो दाखवणारा प्रोग्रामही बहुधा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो.

४-के डिस्कच्या बाबतीत तर ही साखळी तुटलीच. संगणकावर ४-के ब्लू-रे अधिकृतपणे पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स ही सुरक्षित व्यवस्था बंधनकारक करण्यात आली होती. एएमडीच्या प्रोसेसरवर हा मार्ग कधी उपलब्धच नव्हता. पुढे २०२१ मध्ये बाजारात आलेल्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून इंटेलने एसजीएक्स काढून टाकले. परिणाम असा की, पाच-सहा वर्षांपूर्वीचा संगणक जे काम करू शकत होता, ते आजचा कितीतरी वेगवान संगणक अधिकृत मार्गाने करू शकत नाही. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली डिस्क तीच आहे आणि ड्राइव्हही तोच आहे. मधली परवानगी तेवढी नाहीशी झाली. नवा डेस्कटॉप ४-के डिस्कसाठी घेऊ नये, हा या चर्चेतील पहिला आणि सर्वांत सोपा निष्कर्ष. तेवढी हौस असेल तर टीव्हीला जोडायचा स्वतंत्र प्लेअर घ्यावा.

बाजाराचा कौल

कॅनडाच्या बाजारपेठेने आपला कौल केव्हाच दिला आहे. नेटफ्लिक्सने अमेरिकेबाहेर पहिले पाऊल टाकले ते इथेच, सप्टेंबर २०१० मध्ये. पुढच्याच वर्षी ब्लॉकबस्टरची कॅनडातील दुकाने बंद झाली आणि २०१४ मध्ये टपालाने डिस्क भाड्याने पाठवणारी झिप.सीए ही सेवाही थांबली. नेटफ्लिक्सने अमेरिकेतील आपली टपाल सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये गुंडाळली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. ज्या कंपनीने हे तंत्र जगापुढे आणण्यात पुढाकार घेतला, तिनेच हात आखडता घ्यावा, यावरून वाऱ्याची दिशा कळते.

शिवाय मराठी प्रेक्षकापुरते बोलायचे, तर ब्लू-रेवर उपलब्ध झालेले मराठी चित्रपट मोजकेच. आपल्या कपाटांत आहेत त्या बहुतांशी व्हीसीडी आणि डीव्हीडी. ‘ब्लू-रे हवा कशाला?’ असे विचारणाऱ्याचा युक्तिवाद म्हणूनच कमकुवत नाही. ज्याच्याकडे एकही डिस्क नाही आणि पुढेही घ्यायची नाही, त्याने हा खर्च करण्याचे कारण नाही.

दुसरी बाजू

तरीही दुसऱ्या पारड्यात काही वजनदार गोष्टी आहेत. पहिली चित्र-ध्वनीच्या दर्जाची. नेटफ्लिक्स १०८० रेषांच्या चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानते. ब्लू-रेवरील चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते. संक्षेपाची तंत्रे सुधारली असली, तरी अंधारातील दृश्ये आणि संगीताचे बारकावे यांत हा फरक जाणवतो. शिवाय डिस्कला इंटरनेट लागत नाही. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्सचे जाळे कोलमडले आणि देशभरात लाखो ग्राहकांचे फोन व इंटरनेट बंद पडले, तो शुक्रवार ओंटारियोतील वाचक विसरले नसतील.

दुसरी गोष्ट मालकीची. ऑनलाइन दुकानात ‘विकत घ्या’ हे बटण दाबून आपण घेतो तो बहुधा केवळ पाहण्याचा परवाना असतो. हॉलिवूडच्या अनेक मोठ्या स्टुडिओंच्या पाठबळावर उभी राहिलेली अल्ट्राव्हायोलेट ही डिजिटल कपाटाची सेवा जुलै २०१९ मध्ये बंद झाली. बहुतेकांचे चित्रपट जोडलेल्या अन्य दुकानांत टिकले खरे, पण ते टिकावेत की नाही हे ठरवणे ग्राहकाच्या हाती नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकण्याचे जाहीर केले आणि गदारोळानंतर तो निर्णय फिरवला. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे विक्रेत्याला, आपण मालकी विकत नसून परवाना देत आहोत, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

मराठी चित्रपटालाही हे लागू आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. परदेशातील आपल्यापैकी बहुतेकांनी तो तिथेच पाहिला. उद्या करार संपला आणि तो तेथून उतरला, तर आपल्या कपाटात त्याची खूण असणार नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा भस्मसात झाला. प्रती एकाच ठिकाणी असल्या की काय होते, याचा तो धडा होता.

प्रदेशांची कुंपणे

तिसरी गोष्ट खास स्थलांतरितांची. डीव्हीडीच्या जगात कॅनडा प्रदेश क्रमांक १ मध्ये, तर भारत ५ मध्ये. ब्लू-रेच्या नकाशात कॅनडा ‘ए’ गटात, भारत ‘सी’ गटात. अनेक भारतीय डिस्क सर्व प्रदेशांना खुल्या असत, पण सगळ्या नाहीत. त्यात भारतातील चित्रण पाल पद्धतीचे आणि इथले टीव्ही एनटीएससीचे. दादरहून किंवा लक्ष्मी रस्त्यावरून हौसेने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरमध्ये टाकल्यावर कोरा पडदा बघत बसलेले कुटुंब आपल्या परिचयाचे आहे.

अशा वेळी मदतीला धावून आला तो डेस्कटॉप. पाल की एनटीएससी हा भेद संगणकाला जाचत नाही आणि व्हीसीडीही तो विनातक्रार वाचतो. डीव्हीडी ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो, मात्र केवळ पाच वेळा. त्यानंतर शेवटचा प्रदेश कायमचा होतो. थोडक्यात, परदेशातील मराठी घरात भारतातून आलेली डिस्क हमखास वाचणारे यंत्र टीव्हीपाशी नव्हते, ते अभ्यासाच्या टेबलावर होते. डिस्क ड्राइव्ह नसलेला संगणक घरात येतो, तेव्हा हे यंत्रही घराबाहेर जाते. ब्लू-रे ड्राइव्ह मागे वळूनही पाहतो, हे येथे लक्षात घ्यावे. बाजारात मिळणारे असे ड्राइव्ह सामान्यतः डीव्हीडी आणि सीडीही वाचतात.

कायदा काय म्हणतो?

मग जुन्या डिस्कची नक्कल हार्ड डिस्कवर करून ठेवली तर? कॅनडाच्या २०१२ च्या कॉपीराइट आधुनिकीकरण कायद्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. कलम २९.२२ नुसार स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीची नक्कल खासगी वापरासाठी करता येते. उसनी किंवा भाड्याने आणलेली डिस्क मात्र चालत नाही. पण अट अशी की, नक्कल करताना तांत्रिक कुलूप तोडलेले नसावे. आणि बाजारातील जवळपास प्रत्येक ब्लू-रेला कुलूप असतेच. केवळ खासगी कारणासाठी कुलूप तोडणाऱ्या व्यक्तीकडून वैधानिक नुकसानभरपाई मागता येत नाही, एवढी सवलत कायद्याने दिली आहे. तरी कृती बेकायदेशीर ती बेकायदेशीरच. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीचा हक्क आणि उपकरणांची परस्परसुसंगती यांसाठी दोन सुधारणा मंजूर झाल्या, पण त्यांचा रोख यंत्रे आणि संगणक-प्रोग्राम यांकडे आहे. स्वतःच्या कपाटातील चित्रपट जपू पाहणाऱ्या माणसाला त्यांनी दार उघडून दिलेले नाही. खासदारांपुढे मांडण्याजोगा हा ग्राहकहिताचा प्रश्न आहे.

कुलूप नसलेल्या डिस्क

आपल्या घरांतील सर्वांत मौल्यवान डिस्कना मात्र कुलूप नाही. लग्न, मुंज, साठीशांत, बारसे यांच्या त्या डीव्हीडी आहेत; गावाकडच्या फोटोग्राफरने मार्करने तारीख घालून दिलेल्या. ओटावातील कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट ही सरकारी संस्था चंदेरी थराच्या सर्वसामान्य डीव्हीडी-आर डिस्कचे आयुष्य १० ते २० वर्षांचे मानते. २००५ ते २०१० या काळात भारतातून आणलेल्या डिस्क आज नेमक्या त्या उंबरठ्यावर आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी २००७ च्या आहेत. या हिवाळ्यात त्या उतरवून घ्यायला बसलो. दोन निर्विघ्न वाचल्या गेल्या. तिसरीत जेवणाच्या पंगती होत्या, आणि पंगतीत आग्रहाने जिलबी वाढणारे वडील. ते आज नाहीत. शेवटची काही मिनिटे ड्राइव्हला वाचता आली नाहीत. चौकोन चौकोन होऊन चित्र गोठले. दोन वर्षांपूर्वी हे काम केले असते तर ती मिनिटे कदाचित हाती लागली असती.

निष्कर्ष

तेव्हा नवा डेस्कटॉप घेताना तीन प्रश्न विचारावेत. घरात ब्लू-रे चित्रपट आहेत किंवा घ्यायचे आहेत का? असतील तर साधा ब्लू-रे ड्राइव्ह आणि परवानाधारक प्रोग्राम यांचा खर्च सार्थ आहे. ४-केसाठी मात्र स्वतंत्र प्लेअर. केवळ भारतातून आणलेल्या डीव्हीडी आणि व्हीसीडी आहेत का? मग यूएसबीने जोडायचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. त्यासाठी कॅबिनेटमध्ये जागा शोधण्याची गरज नाही, आणि संगणकाच्या किमतीच्या मानाने तो किरकोळ आहे. घरात एकही डिस्क नाही, अशी खात्री आहे का? मग ड्राइव्ह नको; पण ती खात्री देण्यापूर्वी आई-वडिलांच्या बॅगा आणि बेसमेंटमधील खोकी एकदा उघडून पाहावीत.

उत्पादक एकेक करून बाहेर पडत असताना चांगले ड्राइव्ह पुढे किती सहज मिळतील, याची हमी नाही. जुना संगणक पुनर्वापर केंद्रावर नेऊन टाकण्याआधी त्याचा ड्राइव्ह अजून चालतो का, हे तपासावे. चालत असेल तर एका शनिवारी बसून कुलूप नसलेल्या घरगुती डिस्क उतरवून घ्याव्यात आणि त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, शक्य तर एक कॅनडात आणि एक भारतातील भावंडांकडे.