व्याज टाळा, करार टाळू नका

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. गृहकर्ज स्वस्त झाल्याच्या बातम्या आल्या. पण आपल्या अनेक घरांत प्रश्न दर किती हा नसतोच. व्याज द्यायचं की नाही, हा असतो. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं.

मग काय होतं? दागिने मोडायचे, नातेवाइकांकडून उसने घ्यायचे आणि बिल्डरला थेट हप्ते द्यायचे, तेही कधीकधी साध्या पावतीवर. बँक मध्ये नसली की कागदपत्रं तपासणारंही कुणी नसतं. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

प्रकल्पाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर पाहा. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हप्ता चुकल्यास व्याज लागतं का, हेही करारात आधीच वाचा.

नात्यातलं उसनंही लिहून ठेवा. कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२व्या आयतीतच आहे. व्याजाबाबतचा हुकूम पाळतो, तर हाही पाळूया.