अनुस्वाराआड हरवलेले गाव

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे तालुक्याचे ठिकाण. जुन्या वळणाने लिहिणारा मनुष्य हेच नाव ‘महागांव’ असे लिहील. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. पण त्यापूर्वीचे कागद काही नियम वाचून स्वतःला सुधारून घेत नाहीत. वाचणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. यंत्राचे मात्र अडते.

मजकुरात शब्द शोधणे म्हणजे संगणकाच्या लेखी संकेतांची मालिका जुळवून पाहणे होय. युनिकोडमध्ये ‘महागाव’ या नावाची सहा चिन्हे होतात. काने वेगळे मोजले जातात. म, ह, काना, ग, काना अशी पाच चिन्हे यंत्र बिनचूक जुळवीत येते. सहाव्या जागी त्याला ‘व’ हवा असतो, तेथे अनुस्वार भेटतो, आणि ते निर्विकारपणे पुढे निघून जाते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या क्नुथ-मॉरिस-प्रॅट आणि बॉयर-मूर या पद्धतींनी असा शोध फार वेगवान केला हे खरे. पण नकार लवकर मिळणे ही काही सोय नव्हे.

अनुस्वार निदान डोळ्यांना दिसतो. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील ‘ऱ’ एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. युनिकोडने ही रूपे समतुल्य मानली आहेत. तथापि तुलनेपूर्वी ती एकरूप करण्याची तसदी प्रणाली लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते. शिवाय कापसाच्या या जिल्ह्यात ‘कापूस’ शोधणाऱ्यास ‘कापसाचा भाव’ सापडत नाही, कारण विभक्ती लागताच आपल्या शब्दाचे अंगच बदलते.

हा व्याकरणाचा वाद राहिलेला नाही. जमिनीचे उतारे, मतदारयाद्या आता संगणकावर नावाने शोधल्या जातात. नाव ज्या वळणाने नोंदले त्याच वळणाने विचारले पाहिजे, हे खेड्यातल्या खातेदाराला कोण सांगणार? पडद्यावर ‘नोंद नाही’ असे उमटले की ते सरकारी निकालासारखे ऐकू येते, आणि बिचारा आल्या वाटेने परततो.

सारे अनुस्वार पुसून शोधावे, हा झटपट उपायही घातकच. तसे केल्यास ‘खंत’ आणि ‘खत’ एक होतील! त्यापेक्षा गावांच्या नावांची जुनी-नवी रूपे एकमेकांशी जोडणारी यादी करावी, आणि तंतोतंत जुळणी न झाल्यास जवळची नावे तालुका-जिल्ह्यासह दाखवून निवड माणसावर सोपवावी. गडहिंग्लज तालुक्यातही एक महागाव आहे, हे विसरून चालणार नाही. मूळ नोंदीला मात्र हात लावू नये. ती जशी लिहिली गेली तशीच राहिली पाहिजे.

हे काम होईल तेव्हा होवो. तोवर निदान पडद्यावरील ‘नोंद नाही’ हे शब्द काढून तेथे ‘या लेखनाने नोंद आढळली नाही’ असे लिहावे. त्याला ना नवे यंत्र लागते, ना अनुदान.