छत्तीस फोटोंचा संयम

सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी छायाचित्रणाची कला बुडवली, असं एक ज्येष्ठ छायाचित्रकार परवा पुन्हा ठासून सांगत होते. ती खेळणी होती, त्यांत बारकावा नव्हता, रंग नव्हते. आणि छत्तीस फोटोंचा रोल माणसाला संयम शिकवायचा, तो धडाच गेला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

बारकाव्याचं आधी उरकतो. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रिंटला बावीस लाख पिक्सेल पुरतात. १९९९ च्या निकॉन डी-वनमध्ये त्याहून जास्त होते. रंगांचं म्हणाल, तर निगेटिव्हवरून प्रिंट काढताना ते लॅबवाला ठरवायचा. एकच रोल दोन दुकानांत दिला की दोन तऱ्हांचे चेहरे हातात यायचे.

राहिला संयम. बहिणीच्या लग्नात कॅमेरा माझ्याकडे होता. काउंटर ३६ वर गेला, ३७ वर गेला, ३८ वर गेला, तरी फिल्म पुढे सरकवायचा खटका सहज ओढला जात होता. तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मची जीभ आतल्या रिळात अडकलीच नव्हती. खटका ओढताना डावीकडची रोल गुंडाळायची कळ फिरते का, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. आख्खा रोल कोरा. नवरीशेजारी बसलेली आजी त्या दिवाळीपर्यंतही राहिली नाही. यातून मी कोणता संयम शिकलो? मी भ्यायला शिकलो. त्यानंतर कितीतरी वर्षं ‘रोल वाया जाईल’ म्हणून मी समोरचा चांगला क्षण सोडून देत आलो. धुलाई होऊन प्रिंट आठ दिवसांनी यायच्या. तोवर शटर किती ठेवलं होतं, कुणाच्या लक्षात राहणार? त्यात लॅबचं यंत्र आपल्या चुका परस्पर सावरून टाकायचं. मग शिकायचं कशावरून? मोठ्या मासिकांचे छायाचित्रकार मात्र एकेका कामावर शेकडो रोल वापरत, कारण त्यांचे पैसे मासिक भरायचं. संयमाचा उपदेश फक्त आमच्या वाट्याला. रंगीत फिल्म आली तेव्हाही ‘कला संपली’ म्हणणारे होतेच, आणि ऑटोफोकस आल्यावरही.

जुने डिजिटल कॅमेरे उन्हातली पांढरी साडी जाळून टाकायचे, तिथे निगेटिव्ह फिल्म सरस होती, हे मान्य. पण १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-टेनच्या पाठीवर छोटा पडदा होता, आणि चूक जागच्या जागी दिसायची. माझ्या हाती असा कॅमेरा आला तेव्हा मी गावी चुलतआजीचा फोटो काढून तिला पडद्यावर दाखवला. तिने चष्मा वर सरकवला, कॅमेरा नाकापाशी धरला आणि म्हणाली, “डोळे मिटलेत की रे. पुन्हा काढ.”

मी पुन्हा काढला.