पाहुणचार आणि पासवर्ड

‘पहले आप’ या दोन शब्दांत लखनौची संस्कृती सामावलेली आहे. येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही ही अदब परकी वाटली नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्र आणि लखनौ यांच्यातील येणेजाणे अधिकच वाढले. शिक्षणासाठी, परीक्षेसाठी वा नोकरीसाठी आलेला भाचा आपल्या घरी उतरतो आणि ‘मामा, एक अर्ज भरायचा आहे, संगणक वापरू का?’ असे विचारतो. अशा वेळी नकार देणे शोभत नाही, तसे कारणही नसते. मात्र संगणकाबरोबर आपण त्याच्या हाती आणखी काय सोपवतो, याचा विचार अवश्य व्हावा.

अनेक घरांत सर्वांसाठी एकच खाते असते आणि त्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे सर्वाधिकार असतात. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड, उघडी राहिलेली ई-मेल, आयकर विवरणपत्र, आधार व पॅन कार्डांच्या प्रती हे सारे एका क्लिकच्या अंतरावर असते. पाहुण्याचा हेतू निर्मळ असला, तरी त्याने सहज उतरवून घेतलेल्या एखाद्या खेळासोबत आपले टंकन टिपणारा चोरटा प्रोग्रॅम शिरू शकतो.

यावरील उपाय सोपा आणि विनाखर्चाचा आहे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत ‘गेस्ट’ खात्याची सोय होती. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून ती राहिली नाही. म्हणून पाहुण्यांसाठी वेगळे ‘स्टँडर्ड’ खाते उघडावे आणि आपल्या खात्याला पासवर्ड लावावा. या खात्यातून आपल्या खात्याचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर उघडता येत नाही, तसेच संगणकाच्या मूळ रचनेत फेरफार करावयाचे झाल्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्यावा लागतो. मात्र ‘डी ड्राइव्ह’वर ठेवलेली कागदपत्रे बहुधा सर्वच खात्यांना दिसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये हलवावीत. अ‍ॅपलच्या मॅक संगणकावर अतिथी खात्याची सोय आहे आणि पाहुण्याने लॉग आउट करताच त्याच्या फायली आपोआप पुसल्या जातात.

‘घरच्या माणसावर एवढा अविश्वास?’ असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु लखनौच्या हवेल्यांत मर्दाना आणि जनाना वेगळे असत, आपल्या वाड्यांत ओसरी आणि माजघर वेगळे असे. ओसरीवर बसवले म्हणून कोणाचा अपमान होत नसे. मर्यादा आखलेली असल्यामुळेच पाहुणा तेथे निःसंकोचपणे वावरत असे.

आमच्या मते वेगळ्या खात्याचा खरा लाभ पाहुण्यालाच होतो. उद्या बँक खात्यातून रक्कम गेली, तर ‘संगणकावर कोण बसले होते?’ हा प्रश्न घरात सर्वांत आधी उठतो आणि निरपराध भाच्याकडे नजरा वळतात. पासवर्ड उघड करण्यासारख्या ग्राहकाच्या निष्काळजीपणातून झालेले नुकसान, बँकेला कळवीपर्यंत ग्राहकानेच सोसावे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात मांडले होते. गेलेली रक्कम कदाचित परत मिळेलही, परंतु संशयाने दुरावलेले नाते तितक्या सहजी सांधत नाही. शिवाय पाहुण्याचे अर्ज, छायाचित्रे आणि पासवर्डही आपल्या मुलाबाळांच्या नजरेआड राहतात.

शाखेतील सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. इंटरनेट बँकिंगची सुविधा देताना ‘घरचा संगणक कोण कोण वापरते?’ एवढे ग्राहकास आवर्जून विचारावे. आणि ग्राहकांनी, फसवणुकीची शंका येताच कोणावरही आळ घेण्यापूर्वी प्रथम बँकेस व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकास कळवावे. पुढचा पाहुणा येण्याआधी एखाद्या रविवारी दहा मिनिटे काढून त्याचे खाते तयार ठेवावे. अंथरूण-पांघरुणाइतकीच तीही पाहुणचाराची तयारी होय.