ताकदीचे इंजेक्शन नव्हे, पुरेशी झोप हवी

कोलकात्याच्या पूर्वेस राजारहाटच्या शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या न्यू टाउनमध्ये रात्र झाली तरी संगणक कंपन्यांचे दिवे मालवत नाहीत. परदेशातील ग्राहकांचा दिवस सांभाळण्यासाठी येथील कर्मचारी आपली रात्र खर्ची घालतात. त्यांच्याबरोबर सुरक्षारक्षक, गाडीचालक आणि सफाई कामगारही जागतात. आपल्या हिंजवडीत आणि ऐरोलीतही हेच चित्र आहे. पगाराच्या पावतीवर रात्रपाळीचा भत्ता दिसतो. शरीरातून होणारी वजावट मात्र कुठेच दिसत नाही.

या वजावटीचा एक भाग कामगार संकोचाने लपवतो. चाळिशी उलटलेला, मधुमेह असलेला पुरुष थकतो, उत्साह गमावतो, वैवाहिक जीवनात खंतावतो. अशा पुरुषांपैकी अनेकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण कमी आढळते. अमेरिकेतील बफेलो येथे २००४ साली झालेल्या अभ्यासात टाइप दोन मधुमेहाच्या सुमारे एक तृतीयांश पुरुषांमध्ये ते कमी होते. ब्रिटनमध्ये ५८१ मधुमेही पुरुषांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचे संप्रेरक कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नाही.

मग संप्रेरकाचे इंजेक्शन घेतले की हृदय वाचेल काय? तसे नाही. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. त्यांतील बहुसंख्य मधुमेही होते. २०२३ च्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के होते. म्हणजे या बाबतीत धोका वाढला नाही, पण संरक्षणही मिळाले नाही. उलट हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या औषध घेणाऱ्यांत अधिक आढळल्या. खरी कमतरता असलेल्या रुग्णाला डॉक्टर हे औषध जरूर देतील. परंतु ‘मर्दानी ताकदी’च्या जाहिराती पाहून खिसा रिकामा करू नका, असे आम्ही कामगार बंधूंना बजावून सांगतो.

आमच्या मते कमी संप्रेरक हा बहुधा धोक्याचा इशारा आहे. वाढलेले पोट, अनियंत्रित साखर आणि अपुरी झोप यांचा तो इशारा आहे. २०११ सालच्या एका छोट्या प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठ रात्री फक्त पाच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. जे तरुणांचे आठवड्यात झाले, ते वर्षानुवर्षे जागणाऱ्या मधुमेही कामगाराचे काय होत असेल?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे संप्रेरक झोपेत वाढते व जागे झाल्यावर सर्वाधिक असते. म्हणून रात्रपाळी संपवून दारातच रक्त दिले, तर आकडा फसवा येऊ शकतो. झोपून उठल्यावर, उपाशीपोटी नमुना द्यावा आणि तपासणी दोनदा करावी.

संघटनांनी पुढील करारात स्पष्ट मागण्या मांडाव्यात. सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा हवी. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती हवी. उपाहारगृहात रात्रीही साधे, ताजे जेवण हवे. साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांची वार्षिक मोफत तपासणी हवी आणि ती कंत्राटी कामगारालाही मिळाली पाहिजे. अहवाल गुप्त राहावा; त्याच्या आधारे कुणाला कामावरून काढता येऊ नये.

पुरुषाने दुखणे बोलू नये, ही समजूत मालकाच्या पथ्यावर पडते. ती आपण आधी मोडू या.