फोनसेवा नुसती बाजारावर सोडून चालणार नाही



पाचवीच्या मुलांना एक गणित घालून बघा. एक रिचार्ज २८ दिवस चालतो, तर वर्षात किती रिचार्ज लागतील? भागाकार १३, बाकी १. महिने बारा, पगार बारा आणि रिचार्ज मात्र तेरा!

मोबाईलचे दर ठरवणं आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून कंपन्यांवरच सोपवलंय. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ सालापासून आहे, पण दरांत ते सहसा हात घालत नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी चार दिवसांच्या आत दर वाढवले. तरीही काही जण म्हणतात, उरलेसुरले नियमही काढा, स्पर्धा सगळं बघून घेईल.

स्पर्धेने दर उतरले हे खरं आहे. २०१६ नंतर नेट किती स्वस्त झालं ते आपण पाहिलंय. पण त्याच दरयुद्धात एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद पडली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आता तीन खाजगी आणि एक सरकारी. तीनच दुकानं उरल्यावर भाव कोण पाडणार?

आणि त्या बंद पडलेल्या कंपन्यांतल्या माणसांचं काय झालं, हे कुणी विचारतं का? सरकारी बीएसएनएलमधूनही जानेवारी २०२० मध्ये सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले. म्हणजे निम्मं खातं! 'स्वेच्छा' हा शब्द इथे जपूनच वाचावा. आज केबल जोडणारा, टॉवरवर चढणारा मुलगा बहुतेक वेळा ठेकेदाराचा असतो. नियम सैल झाले की पहिली कात्री त्याच्याच पगाराला लागणार.

आपल्याला मिळालेल्या सोयी आठवा. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं ते ट्रायच्या नव्या आकारणी पद्धतीमुळे. २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येते, २०२२ मध्ये ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवणं सक्तीचं झालं, तेही नियमांमुळेच. कंपन्यांनी आपणहून दिलं असतं असं मला तरी वाटत नाही.

आपण शिक्षक गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतो. मजुरी करणाऱ्या आईचा रिचार्ज संपलेला असला की ते मूल दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन येतं. अशा घरासाठी फोन ही चैन नाही, पाण्याच्या नळासारखी गरज आहे. मग तिचा दर फक्त नफा बघून का ठरावा?

जाता जाता, पालकांसाठी एक कामाची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅनही ठेवायला लावले. घरात आजी-आजोबांकडे बटणांचा फोन असेल तर दुकानात "नेट नको, नुसता बोलण्याचा द्या" असं स्पष्ट सांगा. न सांगितल्यास बहुधा नेटवालाच मारून मिळतो.